पाठमोऱ्या माणसाचं वाक्य

जर्मनीत मी तारुण्याची चांगली वर्षं काढली आणि परत आल्यापासून लोक मला एकच गोष्ट करून दाखवायला सांगतात. लग्नकार्यात, साठीशांतीला, अगदी डॉक्टरच्या दवाखान्यात ताप घेऊन बसलेलो असतानासुद्धा. "अहो, तुम्ही जर्मनीत होतात ना? मग ते जरा बोलून दाखवा की!" ते म्हणजे काय, तर टाचा खाडकन जुळवायच्या, हनुवटी वर करायची आणि घसा खरवडून काहीतरी ओरडायचं. मी नाही म्हणतो. मग तेच करून दाखवतात. प्रत्येकाला येतं. ज्यानं लोणावळ्याच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही त्यालाही जर्मन माणूस कसा ओरडतो हे पक्कं ठाऊक असतं, कारण त्यानं तो सिनेमात पाहिलेला असतो.

मी स्पष्ट सांगतो, माझ्यावर जर्मनीत कुणी ओरडलं नाही. एकदा एका तिकीट तपासनिसानं आवाज चढवला होता, पण तेव्हा माझ्याकडे तिकीट नव्हतं. ओरडण्याचंच म्हणाल तर पुण्यात भाजी आणायला गेलो की जेवढं ऐकतो तेवढं तिकडे वर्षभरात ऐकलं नाही. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. त्यांना वाटतं मी जर्मनांची वकिली करतोय. वकिली कसली आलीय! ज्यांना वाटतं की ओरडणारा जर्मन दाखवला म्हणजे जर्मनांना चांगलं झोडपलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यानं कुणालाही झोडपलं जात नाही. उलट खरा माणूस मागच्या दारानं सुटून जातो.

हे मला एका नटानं शिकवलं. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी म्युनिकला ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करत होतो आणि राहायला शहराबाहेर उंटरश्लाइसहाइमला, एका शेतकऱ्याच्या घरात माडीवरच्या खोलीत. खोलीत दुसरा माझा सांगलीचा दोस्त, यंत्रांचं शिकणारा. माझ्या प्राध्यापकांची शहरातल्या एका स्टुडिओशी ओळख होती. तिथे परदेशी सिनेमांना जर्मन आवाज देत. जर्मनीत परदेशी सिनेमा परदेशी भाषेत बघण्याची रीतच नाही. घोड्यावरचा अमेरिकन गुराखीसुद्धा तिथे अस्खलित जर्मन बोलतो. त्या स्टुडिओतला घुमारा मोजून द्यायला प्राध्यापकांनी मला पाठवलं. घुमारा मोजून झाला, पण माझा पाय तिथून निघेना.

तिथलं काम मोठं गमतीचं. सिनेमाची रीळ कापून तिचे लहान लहान तुकडे करत. एकेका तुकड्याची दोन टोकं जोडून वेटोळं करत आणि ते यंत्रावर फिरत राही. त्याला ते टेक म्हणत. पडद्यावरचा माणूस दार उघडतो, दोन वाक्यं बोलतो, की लगेच पुन्हा दार उघडतो, पुन्हा तीच दोन वाक्यं. पडद्यासमोर अंधारात आवाज देणारा नट मायक्रोफोनपाशी उभा. त्याला ओठांची लय सापडेपर्यंत पडद्यावरचा बिचारा दार उघडतच राहतो. बाजूला संकलक बाई बसलेली. पडद्यावर ओठ मिटले की नटाच्या वाक्यातही तिथे ओठ मिटणारं अक्षर आलं पाहिजे, यावर तिची घारीसारखी नजर. पडद्यावरचा माणूस पाठमोरा झाला की मात्र सगळे सुटकेचा निःश्वास टाकत. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

स्टुडिओचा दिग्दर्शक चाळिशीचा, अंगानं सुटलेला, खुशालचेंडू माणूस. त्याच्या खिशात कायम चॉकलेट असे आणि भेटेल त्याला तो एक तुकडा मोडून देई. मला तो पहिल्या दिवसापासून 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचा. मी डॉक्टर झालेलो नाही असं मी त्याला एकदा सांगून पाहिलं, पण पदवी परत घ्यायला तो तयार नव्हता.

त्या काळात जर्मन लोकांना हिंदुस्थानचं भारी वेड होतं. म्हणजे त्यांच्या हिंदुस्थानचं. त्यात वाघ, नाग, हिरेजडित महाराजा आणि डोळे वटारणारा पुजारी एवढीच लोकसंख्या. अशाच एका सिनेमात पुजाऱ्याचा शाप हवा होता. दिग्दर्शक म्हणाला, "हेर डॉक्टर, तुमच्या भाषेत काहीतरी भयंकर बोला." आता माणसाला अचानक बोल म्हटलं की भयंकर असं काही सुचत नाही, घरचं सुचतं. मी आवाज खर्जात लावून म्हणालो, "अगं, दूध उतू चाललंय! स्टो बंद कर!" काचेपलीकडची माणसं शहारली. सिनेमा लागला तेव्हा मी आणि सांगलीचा दोस्त बघायला गेलो. मूर्तीपुढे हात उंचावून पुजारी दुधाबद्दल गरजला, नायिका बेशुद्ध पडली आणि माझा दोस्त खुर्चीवरून खाली घसरला. त्या दिवसापासून स्टुडिओत पूर्वेकडचं काहीही लागलं की मला बोलावणं येऊ लागलं. मी हसण्यावारी नेत होतो.

ज्या नटाबद्दल सांगतोय ते मला तिथेच भेटले. साठीच्या आसपासचे, शिडशिडीत, तपकिरी हॅट घालणारे. त्यांना मी मनातल्या मनात नटवर्य म्हणायचो, आधी चेष्टेनं आणि नंतर चेष्टा सोडून. पडद्यावरचे न्यायाधीश, धर्मगुरू, म्हातारे राजे यांना आवाज ते देत. आवाज असा की टेलिफोनचा नंबर सांगितला तरी ऐकत राहावं. मी पुण्याचा म्हटल्यावर मला नाटकाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नसे आणि त्यांना ऐकल्याशिवाय. आमच्या संगीत नाटकांत वन्समोअर आला की मेलेला नायक उठून तेच पद पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो, हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "म्हणजे तुमच्याकडे प्रेक्षकच टेक लावतात!" ते म्हणाले. स्वतःबद्दल मात्र ते फारसं बोलत नसत. हिटलरच्या काळात ज्यू म्हणून त्यांना नाटक कंपनीतून काढलं, मग देश सोडून ते लंडनला गेले आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांनी परत आले, एवढं मला इतरांकडून कळलं होतं.

एके सकाळी स्टुडिओत एका इंग्रजी सिनेमाचं काम निघालं. युद्धाच्या दिवसांत लंडनमध्ये काढलेला. पहिला टेक फिरू लागला आणि मी चमकलो. हा सिनेमा मी पुण्याला कॅम्पातल्या थिएटरात पाहिलेला होता. चामड्याचा लांब कोट घातलेला जर्मन गुप्त पोलीस एका घराचं दार लाथेनं उघडतो. आत एक बाई, तिचा म्हातारा सासरा आणि एक लहान मूल. तो हातमोजे टेबलावर आपटतो आणि ओरडतो, "राउस! श्नेल! श्नेल!" बाहेर व्हा, लवकर, लवकर. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जेवढं जर्मन येत होतं तेवढं या माणसाकडून आलेलं. गॅदरिंगला त्याची नक्कल हटकून व्हायची. पडद्यावर तो पुन्हा पुन्हा दार लाथाडत होता आणि माझ्या शेजारी अंधारात तोच माणूस तपकिरी हॅट मांडीवर ठेवून बसला होता. ते नटवर्य होते. पंधरा-सोळा वर्षांनी तरुण, पण तेच.

आज त्यांनी स्वतःलाच आवाज द्यायचा होता. त्यात मला गंमत वाटली. ती गंमत दिग्दर्शकानं कागद वाटेपर्यंत टिकली.

"आल्झो, तर एक छोटासा बदल आहे," तो म्हणाला. "सिनेमा वाटणाऱ्या कंपनीची इच्छा आहे. हा माणूस आता जर्मन नाही, पोलीसही नाही. अफूच्या टोळीचा म्होरक्या आहे. पूर्वेकडचा कुठला तरी. घरात लपवलेली अफू शोधायला आलाय."

"आणि ती बाई?" मी विचारलं. "ते पोर?"

"टोळीतल्याच एकाची बायको. नवऱ्यानं माल लांबवलाय."

माझा विश्वास बसेना. मूळ सिनेमात त्या घरच्यांचा गुन्हा एवढाच होता की ते ज्यू होते. आता त्यांना घरातून हाकलणारा जर्मन नाहीसा झाला होता आणि हाकलले जाणारे चोर ठरले होते. आणखी एक मजा अशी की त्या इंग्रजी सिनेमात जर्मन शब्द काय ते 'राउस' आणि 'श्नेल' एवढेच होते, आणि जर्मन आवृत्तीतून नेमके तेच पुसायचे होते.

नटवर्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"लंडनमध्ये मला दुसरं काही करूच दिलं नाही," ते म्हणाले. "माझ्या उच्चारांचा माणूस म्हणजे तिथे एकतर वेडा प्राध्यापक किंवा हा. ज्यांनी मला घालवलं त्यांचेच कपडे घालून मी पोट भरलं. पण तो निदान जर्मन होता. तुम्ही त्यालाही सोडून देणार?"

"लोक करमणुकीला येतात हो," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्यांना तेच ते ऐकायचा कंटाळा आलाय. आधीच खूप ऐकावं लागतं."

"कुठे ऐकावं लागतं?" संकलक बाई मान वर न करता म्हणाली. "आमच्या घरी तर कुणी काही बोलतच नाही."

मग नटवर्य म्हणाले, "मला फक्त एक टेक द्या. ती बाई मुलाचे कपडे गोळा करते आणि मी दारात पाठमोरा उभा आहे, तो. ओठ दिसत नाहीत. तिथे मी जर्मनमध्ये माझं एक वाक्य बोलेन. हळू आवाजात. बाकी सिनेमाभर मला चिनी करा नाहीतर तुर्की करा."

"एक वाक्य जर्मन आलं की अख्खा माणूस जर्मन होतो," दिग्दर्शक म्हणाला. हे त्यानं अगदी बरोबर सांगितलं. त्यालाही ते कळत होतं, म्हणूनच तो नाही म्हणत होता.

नटवर्य उठले, हॅट घातली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले.

दार बंद झाल्यावर दिग्दर्शकानं चॉकलेटचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे वळला. "हेर डॉक्टर, मग तुम्हीच करा. तुमच्या भाषेत ओरडा. राउसच्या जागी, श्नेलच्या जागी. तुमचा तो पुजारी काय झकास झाला होता!" शेजाऱ्याकडे छत्री मागावी इतक्या सहज त्यानं हे मागितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण पडद्यावर ते मूल अजून पुन्हा पुन्हा आईचा हात धरत होतं. उद्या सांगतो म्हणालो आणि बाहेर पळालो.

नटवर्य ट्रामच्या थांब्यापाशी एका लहानशा कॅफेत बसले होते. मी समोर जाऊन बसलो आणि मला काय विचारलं गेलं ते सांगून टाकलं. ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

"लंडनचा दिग्दर्शक मला म्हणायचा, मोठ्यानं! आणखी मोठ्यानं! जर्मन माणूस ओरडतो!" ते म्हणाले. "मी त्याला सांगितलं, आमच्या घरी आला होता तो ओरडला नव्हता. दारावर हलकेच टकटक केली. पाय पुसून आत आला. हळू बोलला, अगदी विनंती केल्यासारखं बिट्टे म्हणाला. दिग्दर्शक म्हणाला, असल्या माणसाला घाबरेल कोण? म्हणून मी ओरडलो. मग पुढच्या सिनेमातही ओरडलो. युद्ध संपलं तरी माझं ओरडणं काही संपेना."

"तुमच्या घरी तो कुणासाठी आला होता?"

"वडिलांसाठी. हिवाळ्यातली सकाळ होती. मी जिन्यावर उभा होतो. वडील त्याच्याबरोबर चालत गेले, काहीही आरडाओरडा न होता. शेजाऱ्यांची झोपसुद्धा मोडली नाही."

वडील परत आले का, हे मी विचारलं नाही. "तो काय बोलला?" एवढंच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चुकलो हे मला कळलं. "ते वाक्य कॉफी पिता पिता सांगायचं नसतं. नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही दुकानात म्हणून दाखवता का? ते मला लोकांसमोर बोलायचंय, त्या माणसाच्या तोंडून. बघा, ओरडणाऱ्याला सगळे ओळखतात. सिनेमा सुटला की लोक बाहेर पडतात आणि म्हणतात, छे, आमच्या ओळखीत असा कुणी नव्हता. खरंच आहे. असा कुणी नव्हताच! जो होता तो अजून कुणी दाखवलेला नाही. इंग्रजांनी त्याला ओरडायला लावून लपवला आणि आता हे त्याला अफू देऊन लपवतायत."

खोलीवर आलो तर सांगलीचा दोस्त बटाटे सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याला यात अडचण काय तेच कळेना.

"अरे, करून टाक की! इथे कोणाला मराठी कळतंय? आणि तिकडे दूध उतू घालवलंस तेव्हा बरं चाललं!"

"दूध उतू गेल्यानं कुणी मरत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुला काय करायचंय? जर्मनांनी केलं, जर्मनांनी निस्तरावं."

"तेच म्हणतोय मी! त्यांचं त्यांनी निस्तरावं. माझ्या भाषेत आणून कशाला लपवतात?"

त्यानं दोन बटाटे सोलले. मग म्हणाला, "तुला नसेल जमत तर मी जाऊ का?" तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो आणि दिग्दर्शकाला नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं मी आढेवेढे घेतोय. "फक्त ओरडायचंय हो," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत श्नेलला शब्द असेल ना?"

"आहे," मी म्हणालो. "लवकर. माझी आई मला रोज म्हणायची. लवकर ऊठ, लवकर जेव, लवकर घरी ये. त्या शब्दानं मी त्या पोराला घराबाहेर काढणार नाही."

"पण तुमच्या देशातही दुष्ट माणसं असतीलच की!"

"आहेत. हवी तेवढी आहेत. त्यांचा सिनेमा काढा, मी फुकट आवाज देतो. पण हा माणूस आमचा नाही. हा तुमचा आहे. त्याला तुमच्याकडेच ठेवून घ्या."

माझं जर्मन तेव्हा काही फार चांगलं नव्हतं, पण हे वाक्य एकही चूक न होता बाहेर पडलं. दिग्दर्शक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खांदे उडवले आणि सवयीनं चॉकलेट पुढे केलं. मी घेतलं नाही. त्यानंतर त्या स्टुडिओचं मला बोलावणं आलं नाही, आणि प्राध्यापकांनी पुढचे कित्येक आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलून मी काय करून ठेवलंय ते मला समजावलं. मला त्याचं काहीही वाटलं नाही. आजही वाटत नाही. आयुष्यात मी अनेक ठिकाणी गप्प बसलो असेन, पण तिथे बसलो नाही याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सिनेमा हिवाळ्यात लागला. नटवर्यांचं पोस्टकार्ड आलं, रविवारी दुपारच्या खेळाला माझ्यासोबत याल का म्हणून. मी थोडा आधीच पोचलो. ते आले तेव्हा दाढी गुळगुळीत केलेली, गळ्यात टाय, अंगावर ठेवणीतला काळा कोट. मला वाटलं, स्वतःचा अपमान बघायला माणूस इतका नटून कशाला आला?

थिएटर लहान आणि उबदार होतं. जर्मन कुटुंबं दुपारच्या केकनंतर आलेली. लोकांनी कोट काढून मांडीवर घेतलेले, कुठेतरी पेपरमिंटचा वास. मधल्या एका रांगेत कडेला आम्ही बसलो. सिनेमा सुरू झाला. चामड्याच्या कोटातला माणूस दार लाथाडून आत आला आणि अगम्य भाषेत खेकसला. त्यांना कुणीतरी विनोदी नट सापडला होता आणि त्यानं मनानंच एक भाषा बनवली होती. 'हुल्ला! हुल्ला कराबाश!' असलं काहीतरी. थिएटर हसलं. ती बाई थरथरत मुलाला जवळ घेत होती आणि लोक हसत होते. त्यांचा दोष नव्हता. अफूवाल्याची बायको घाबरली तर हसायला काय हरकत आहे?

मी नटवर्यांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकाशी आले होते आणि पडद्याबरोबर श्वास घेत होते.

मग तो प्रसंग आला. बाई खुंटीवरून मुलाचे कपडे काढते. तो दारात पाठमोरा उभा. मूळ सिनेमात इथे 'श्नेल, श्नेल' होतं. इथे त्यांनी काहीच भरलं नव्हतं. ओठ दिसत नाहीत तिथे खर्च कशाला करा! पडद्यावर नुसती शांतता होती आणि एका माणसाची रुंद पाठ.

नटवर्य उभे राहिले.

"बिट्टे," ते म्हणाले, "घाई करू नका. कोट घाला. बाहेर फार थंडी आहे."

आवाज जरासुद्धा चढवलेला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्यात धाक नव्हता. काळजी होती, घरातल्या मोठ्या माणसाची असावी तशी. मला तो माणूस दिसला. हलकेच टकटक करणारा, पाय पुसून आत येणारा. कॅम्पातल्या थिएटरात मला तो कुणी दाखवला नव्हता.

हसू थांबलं. पडद्यावर अफूची गोष्ट पुढे चालू झाली, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. माना वळल्या होत्या. गप्प बसा असंही कुणी म्हटलं नाही. नटवर्य ताठ उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. जे त्यांना दोन देशांनी बोलू दिलं नव्हतं ते ते बोलले होते.

आमच्या पुढच्याच रांगेत एक बाई होती, केस पिकलेली, शेजारी तिची मुलगी. ती उठून उभी राहिली. मला वाटलं वैतागून निघाली. ती कोट घालू लागली. एक बाही, मग दुसरी. पडद्याच्या उजेडात तिनं खालपासून वरपर्यंत बटणं लावली, गळ्याशी मफलर नीट केला. मुलगी दबक्या आवाजात विचारत होती, "आई, काय झालं? कुठे निघालीस?" बाईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती आमच्याकडे वळून, नटवर्यांसमोर हात जुळवून उभी राहिली, शाळेत मुलं रांगेत उभी राहतात तशी. कुठल्या घरात, कुठल्या हिवाळ्यात तिनं हे ऐकलं होतं, मला माहीत नाही. पण ते तिनं आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं.

नटवर्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीवरून वाकून ते घाईघाईनं म्हणाले, "बसा, बाई, बसा. हा सिनेमा आहे. मी नट आहे हो. नुसता नट." आणि ते तिच्या कोटाचं वरचं बटण काढू लागले.

तिनं त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि बटण परत लावलं.

"डांके," आभार मानत ती सभ्यपणे म्हणाली, "मी तयार आहे."